बीज जागं होतं तेव्हा

आजारी माणसाला भेटायला दवाखान्यात गेलं की खाटेशेजारच्या दांडीला सलाईनची बाटली लटकताना दिसते. पुष्कळदा तिच्यावर 'आरएल' अशी अक्षरं असतात आणि सिस्टरही "यांना एक आरएल लावा" असंच म्हणतात. त्यातला 'आर' म्हणजे सिडनी रिंगर. लंडनचे हे डॉक्टर बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्यात ठेवत आणि ते किती वेळ धडधडतं ते बघत. एकदा अशी हृदयं तासन्‌तास चालत राहिली. चौकशी केल्यावर कळलं की सहायकाने मिठाचं पाणी करताना डिस्टिल्ड पाण्याऐवजी नळाचं पाणी वापरलं होतं. डिस्टिल्ड पाणी घेतलं की हृदय लवकरच थंड पडे. लंडनच्या नळाला येणाऱ्या पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम होतं आणि हृदय चालत होतं ते त्याच्या जोरावर. हे १८८३ साली प्रसिद्ध झालं.

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं, दात, दूध आणि चाळिशीनंतर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या आठवतात. पानाला लावायच्या चुन्यातही तेच असतं. हा बांधकामाचा माल शरीरात निरोप्याचंही काम करतो, हे रिंगर यांच्या त्या चुकलेल्या प्रयोगातून पुढे आलं. निरोप तो अनेक पोचवतो. स्नायूंना आकसायला सांगतो, मज्जापेशींना रसायन सोडायला सांगतो. मला इथे त्याच्या एकाच निरोपाबद्दल लिहायचं आहे, कारण तो पोचला नसता तर हे लिहायला मी आणि वाचायला तुम्ही नसतो.

आधी पेशीच्या आत डोकावू. रक्तात जितकं मोकळं कॅल्शियम असतं, त्याच्या जेमतेम दहा हजाराव्या भागाइतकं ते पेशीच्या आतल्या द्रवात असतं. हा फरक आपोआप राहत नाही. पेशीच्या पटलावर बसलेले प्रथिनांचे पंप आत शिरलेलं कॅल्शियम अहोरात्र बाहेर फेकत असतात किंवा आतल्याच पिशव्यांमध्ये, ज्यांना शाळेच्या पुस्तकात आंतर्द्रव्यजालिका म्हणतात, त्यांच्यात कोंबत असतात. एवढा खटाटोप कशासाठी? पेशीची सगळी ऊर्जा फॉस्फेटच्या हिशोबावर चालते, डीएनएचा कणाही फॉस्फेटचाच. कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर प्रमाणात एकत्र आले की त्यांचा साका बसतो, आणि आपली हाडं याच साक्याची बनलेली आहेत. ज्या पेशीने कॅल्शियमला मुक्त शिरकाव दिला असता, तिच्या आत दगड झाला असता. म्हणून जीवसृष्टीने फार पूर्वीच कॅल्शियमला उंबऱ्याबाहेर ठेवलं.

आणि ते बाहेर ठेवल्यामुळेच त्याला निरोप्या होता आलं. मध्यरात्री गाव निजलेलं असताना दाराची कडी वाजली तर घरातलं लहान मूलही जागं होतं, पण जत्रेच्या गर्दीत तीच कडी कोणाला ऐकू येणार? पेशीचा आतला द्रव असा निजलेल्या गावासारखा असतो. तिथे कॅल्शियमची पातळी थोडी जरी वाढली तरी कित्येक प्रथिनं खडबडून उठतात.

आता बीजाकडे वळू. मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिची सगळी स्त्रीबीजं तयार झालेली असतात. त्यांनी गुणसूत्रं निम्मी करण्याची विभागणी सुरूही केलेली असते आणि मध्येच, एका ठरावीक टप्प्यावर, ती थांबलेली असतात. म्हणजे तुम्ही ज्या बीजातून जन्मलात, ते तुमच्या आईच्या आईच्या पोटात तयार झालं होतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. पुढे मुलगी वयात येते आणि दर महिन्याला साधारण एक बीज पुढे सरकतं. काहींनी तोवर पंधरा वर्षं वाट पाहिलेली असते, काहींनी चाळीस. बीजकोशातून सुटताना ते आणखी एक टप्पा पार करतं आणि पुन्हा थांबतं. हा दुसरा थांबा फार छोटा. साधारण एका दिवसात शुक्राणू आला नाही, तर बीज मरून जातं.

आला, तर असं काय होतं की इतकी वर्षं रोखलेली विभागणी अचानक सुटते?

शुक्राणू आपली गुणसूत्रं घेऊन येतो म्हणून, असं उत्तर सुचेल. ते चूक आहे हे १८९९ सालीच दिसलं होतं. अमेरिकेत वूड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत जाक लोएब यांनी सी-अर्चिनची, म्हणजे काटेरी चेंडूसारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याची अंडी मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेल्या समुद्राच्या पाण्यात काही काळ ठेवली. शुक्राणूचा स्पर्शही झालेला नसताना ती अंडी विभागू लागली आणि त्यांतून अळ्या तयार झाल्या. १९१० साली फ्रान्सच्या युजेन बातायाँ यांनी बेडकाची अंडी रक्त लावलेल्या बारीक सुईने टोचली, तर त्यांतल्या काहींचे बेडूकमासे झाले. याचा अर्थ सुरुवात करायला लागणारं सगळं सामान अंड्यात तयारच असतं. चावी दिलेल्या घड्याळासारखं ते थांबलेलं असतं. लोलकाला हलकासा धक्का हवा. तो धक्का म्हणजे नेमकं काय, हे शोधायला पुढे जवळजवळ एक शतक लागलं.

पहिला धागा १९३७ साली हाती आला. डॅनियल मेझिया यांनी सी-अर्चिनची फलित आणि अफलित अंडी फोडून त्यांतलं कॅल्शियम मोजलं. फलनानंतर अंड्यात बांधून ठेवलेल्या कॅल्शियमपैकी काही मोकळं झालेलं होतं. निरीक्षण अचूक होतं, पण ते फोडलेल्या अंड्यांवरचं. जिवंत अंड्यात काही सेकंदांत घडणारी घटना बघायची तर कॅल्शियमला स्वतःहून उजेड दाखवायला लावणारं काहीतरी हवं होतं. ते पुढे मिळालं एका जेलीफिशकडून.

ही गोष्ट सविस्तर सांगावी अशी आहे. ओसामू शिमोमुरा सोळा वर्षांचे असताना नागासाकीवर अणुबॉम्ब पडला आणि ते त्या शहरापासून काही मैलांवरच होते. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनला फ्रँक जॉन्सन यांच्याकडे त्यांना एका जेलीफिशच्या कडेला चमकणाऱ्या हिरवट उजेडाचा अभ्यास करायचं काम मिळालं. १९६१च्या उन्हाळ्यात दोघं देशाच्या पूर्व टोकाकडून पश्चिम टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बरला पोचले आणि जाळ्यांनी जेलीफिश धरू लागले. उजेड देणारं द्रव्य काही केल्या वेगळं होईना. प्रकाशासाठी दोन ठरावीक रसायनं लागतातच, अशी तेव्हाची पक्की समजूत होती आणि ती इथे लागू पडत नव्हती. शिमोमुरा एका होडीत पडून, पाण्यावर तरंगत, दिवसचे दिवस याचा विचार करत राहिले. मग त्यांनी आम्ल घालून द्रव्याचा उजेड विझवायचं ठरवलं, म्हणजे ते खर्ची न पडता वेगळं काढता येईल. ते जमलं. काम झाल्यावर उरलेला रस त्यांनी मोरीत ओतला आणि मोरी निळ्या प्रकाशाने झळाळून गेली. त्या मोरीत मत्स्यालयातून वाहून येणारं समुद्राचं पाणी पडत होतं. त्या पाण्यातलं कॅल्शियम हीच उजेडाची कळ होती.

सुमारे १०,००० जेलीफिशमधून त्यांना काही मिलिग्रॅम प्रथिन मिळालं. त्याचं नाव इक्वोरिन. कॅल्शियम भेटलं की ते निळं चमकतं, नाहीतर अंधारात गप्प बसून राहतं. त्याच जेलीफिशमधून त्यांना मिळालेल्या हिरव्या प्रथिनाबद्दल २००८ साली शिमोमुरांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मला विचाराल तर मोरीतल्या त्या निळ्या उजेडाचं मोल तितकंच आहे.

या इक्वोरिनला काम मिळालं ते जपानच्या भातखाचरांत राहणाऱ्या मेदाका नावाच्या चिमुकल्या माशाच्या अंड्यात. हे अंडं मिलिमीटरभराहून थोडं मोठं आणि काचेसारखं पारदर्शक असतं. रिजवे, गिल्की आणि लायोनेल जॅफी यांनी अंड्यात इक्वोरिन टोचलं, शुक्राणू सोडले आणि अंधारात उजेड मोजला. १९७७ साली त्यांनी लिहिलं की फलनानंतर अंड्याचा उजेड आधीच्या सुमारे १०,००० पट झाला. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याच्या प्रतिमा दाखवल्या. ज्या टोकाकडून शुक्राणू शिरतो तिथून उजेडाचा एक पट्टा निघाला आणि अंड्याच्या अंगावरून सरकत सरकत दुसऱ्या टोकाला जाऊन विझला. ही कॅल्शियमची लाट होती. अशा लाटांचा वेग सेकंदाला सुमारे दहा मायक्रॉन असतो. एक मिलिमीटर जायला पावणेदोन मिनिटं लागतील, इतक्या संथ चालीने ती जाते.

तिचं चालणं दिवाळीतल्या लवंगी माळेसारखं असतं. माळेतला एकही फटाका जागचा हलत नाही, जाळ तेवढा पुढे जातो. एका पिशवीतून सुटलेलं कॅल्शियम शेजारच्या पिशवीची झडप उघडतं, ती पुढच्या पिशवीची, आणि अशी ही आग दुसऱ्या टोकापर्यंत पोचते. फटाक्यांची माळ मात्र एकदाच वाजते. पेशीतले पंप कॅल्शियम पुन्हा भरून ठेवतात, त्यामुळे तीच माळ परत वाजवता येते. याचं महत्त्व पुढे सस्तन प्राण्यांत दिसेल.

लाट पोचते तिथे पहिलं काम होतं ते दारं लावण्याचं. सी-अर्चिनच्या अंड्याच्या पृष्ठभागाखाली हजारो सूक्ष्म पुड्या असतात. कॅल्शियम आलं की त्या फुटतात आणि त्यांतल्या द्रव्यामुळे अंड्याभोवतीचं पातळ आवरण मिनिटभरात उचललं जाऊन कडक होतं. मग दुसरा शुक्राणू शिरू शकत नाही. तो शिरला तर गुणसूत्रांची बेरीज चुकते आणि गर्भ टिकत नाही. माणसाच्या बीजातही अशा पुड्या असतात. त्यानंतर दुसरं काम, विभागणीचा ब्रेक सोडण्याचं. बीजाला त्या दुसऱ्या थांब्यावर रोखून धरणारं एक प्रथिन असतं. कॅल्शियमने जागं झालेलं एक विकर त्या प्रथिनावर खूण करतं, पेशीची सफाईयंत्रणा खूण बघून त्याचा फडशा पाडते आणि वर्षानुवर्षं थांबलेली विभागणी सुटते.

२०१६ साली 'गर्भधारणेच्या क्षणी प्रकाशाची ठिणगी' अशा मथळ्यांनी एक बातमी जगभर फिरली होती. तिच्यात तथ्य होतं, पण अर्धंच. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं होतं की कॅल्शियम वाढल्यावर मानवी बीज जस्ताचे अब्जावधी अणू बाहेर फेकतं. फोटोत दिसणारा उजेड मात्र जस्त ओळखायला घातलेल्या रंगद्रव्याचा होता. शिवाय त्या प्रयोगात शुक्राणू वापरलाच नव्हता, बीजं रसायनांनी जागी केली होती.

माशात आणि सी-अर्चिनमध्ये कॅल्शियम एकदा उसळतं आणि ओसरतं. १९८०च्या दशकात उंदीर आणि हॅमस्टरच्या बीजांत पाहिलं, तर वेगळंच चित्र दिसलं. पहिली उसळी काही मिनिटांची, मग शांतता, पुन्हा मिनिटभराची उसळी, पुन्हा शांतता. दर दहा-वीस मिनिटांनी एक, असं तासन्‌तास चालतं. उंदरात हा क्रम सुमारे चार तासांनी, आई-वडिलांच्या गुणसूत्रांची दोन केंद्रकं तयार होऊ लागली की थांबतो. माणसाच्या बीजातही अशाच उसळ्या येतात.

ही लय कशासाठी? फ्रान्सचे झाँ-पिएर ओझिल यांनी या प्रश्नाला आयुष्याची बरीच वर्षं दिली. पुढे अमेरिकेतल्या रिचर्ड शुल्ट्झ यांच्यासोबत त्यांनी उंदराच्या फलित बीजांतल्या उसळ्यांची संख्या कमी-जास्त करून पाहिली. २००६ साली आलेला निष्कर्ष विलक्षण होता. उसळ्या कमी पडल्या तर गर्भ गर्भाशयात रुजण्याचं प्रमाण घटलं. जास्त झाल्या तर रुजण्यात अडचण आली नाही, पण पुढची वाढ बिघडली. पहिल्या चार तासांतल्या ठोक्यांचा हिशोब गर्भ कित्येक दिवसांनी चुकता करत होता. गर्भ त्या वेळी एकाच पेशीचा असतो, त्याला स्वतःची जनुकंही धड वापरता येत नसतात, आणि तरी एवढं त्याच्या मागे लागतं. या विषयातलं मला सर्वांत जास्त हलवून गेलेलं संशोधन हेच.

राहिला तो पहिला धक्का. शुक्राणू बीजाला बाहेरून ढुशी देऊन जागं करतो की आत काहीतरी सोडतो? १९९० साली ब्रिटनचे कार्ल स्वान यांनी शुक्राणूंचा अर्क हॅमस्टरच्या बीजात टोचला आणि बीजात हुबेहूब तशाच उसळ्या आल्या. आतच काहीतरी सोडलं जात होतं. मग त्या पदार्थाचा शोध सुरू झाला. १९९६ साली एक प्रथिन सापडल्याची घोषणा झाली, त्याला 'ऑसिलिन' असं छान नावही मिळालं. पण प्रयोगशाळेत बनवलेलं शुद्ध ऑसिलिन बीजात टोचलं तर काहीच झालं नाही. नाव मागे पडलं, शोध चालू राहिला. २००२ साली स्वान, टोनी लाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खरा पदार्थ दाखवला. तो पीएलसी-झीटा. हे विकर शुक्राणूच्या डोक्यात बसून येतं आणि बीजात शिरल्यावर एका मेदद्रव्याचे तुकडे करतं. त्यांतला आयपी-थ्री नावाचा तुकडा कॅल्शियमच्या पिशव्यांची झडप उघडतो. ही झडप आणि ही किल्ली शरीरातल्या इतर पेशींतही असते, हे केंब्रिजच्या मायकल बेरिज यांच्या कामातून १९८३ सालीच कळलं होतं. बीजाला ती किल्ली शुक्राणूने आणलेल्या विकराकडून मिळते.

कॅल्शियमचं काम फलनाने संपत नाही. सुरुवातीच्या विभागण्यांतही त्याच्या छोट्या लाटा उठतात. एक प्रसंग तर सांगायलाच हवा. उंदराचा गर्भ आठवडाभराचा झाला की त्याच्या पोटाकडच्या बाजूला एक खड्डा दिसतो. त्यातल्या पेशींवर केसांसारखे सूक्ष्म तंतू गरगर फिरतात आणि त्यांच्या फिरण्याने द्रव डावीकडे वाहतो. जपानमधल्या संशोधकांनी हा प्रवाह १९९८ साली दाखवला. २००२ साली त्यांनी तो पंपाने उलटा फिरवला, तर उंदराच्या गर्भाचं डावं-उजवं उलटलं. खड्ड्याच्या कडेच्या न हलणाऱ्या तंतूंना हा प्रवाह जाणवतो, आणि डाव्या बाजूच्या पेशींत कॅल्शियम वाढतं. २०२३ साली झेब्राफिशच्या गर्भात प्रकाशाच्या चिमट्याने असे तंतू हलवून गर्भाचं डावं-उजवं बदलून दाखवण्यात आलं. आपलं हृदय डावीकडे आहे, यामागेही कॅल्शियमची एक छोटी उसळी आहे.

आता पुन्हा त्या पहिल्या उसळीकडे येतो, कारण तिचा संबंध आपल्या घरांशी आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. आज महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या गावीही आयव्हीएफ केंद्राची पाटी दिसते. १९९२ साली ब्रसेल्सहून आलेल्या इक्सी तंत्रात तर एकच शुक्राणू सुईने थेट बीजात सोडतात. तरी थोड्या जोडप्यांत, प्रत्येक १०० उपचारांत साधारण एक ते तीन वेळा, एकही बीज फलित होत नाही. शुक्राणू आत असतो, बीज निरोगी दिसत असतं आणि तरी बीज थांबलेलंच राहतं.

अशा काही पुरुषांच्या शुक्राणूंत पीएलसी-झीटा नसतं किंवा बिघडलेलं असतं. शुक्राणूंची संख्या ठीक, हालचाल ठीक, नेहमीच्या रिपोर्टमध्ये सगळं ठीक, पण धक्का देणारं विकरच नाही. काही प्रयोगशाळांत हे तपासायला पुरुषाचा शुक्राणू उंदराच्या बीजात सोडून ते जागं होतं का ते बघतात. दोष शुक्राणूतच असल्याचं दिसलं तर कॅल्शियम आत सोडणारं आयनोफोर नावाचं रसायन वापरून बीज जागं करता येतं आणि अशा उपचारातून निरोगी मुलं जन्मली आहेत. आयनोफोर एकच मोठी उसळी देतं, तासन्‌तासची लय देत नाही. ओझिल यांचे प्रयोग आठवले की लक्षात येतं, हे औषध गरज असेल तिथेच वापरायचं, सरसकट प्रत्येकाला नाही. कधी दोष बीजातही असतो, आणि तिथे आयनोफोरचा उपयोग होईलच असं नाही.

आपल्याकडे मूल होत नाही म्हटलं की बोट आधी सुनेकडे जातं. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातून तिला वगळलं जातं आणि तपासण्याही तिच्याच आधी होतात. इक्सी करूनही बीज जागं झालं नाही तर "तिची बीजंच चांगली नाहीत" हे वाक्य घरात सहज बोललं जातं. बीजाला जागं करणारं विकर शुक्राणूकडून येतं, हे २००२ सालापासून माहीत आहे. तुमच्या घरात किंवा ओळखीत असं जोडपं असेल, तर फलन पूर्ण फसल्यावर दोघांचीही तपासणी व्हायला हवी आणि शुक्राणूची बीज जागं करण्याची क्षमता तपासता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारायला सांगा.